त्रिकोणाचा मध्यगासंपात बिंदू कसा काढायचा: सूत्र, ताळा आणि वहीबाहेरचा वापर

शिरोबिंदूपासून समोरच्या बाजूच्या मध्यबिंदूपर्यंतची रेषा म्हणजे मध्यगा, आणि तिन्ही मध्यगा जिथे मिळतात तो मध्यगासंपात बिंदू. तीन शिरोबिंदूंचे निर्देशक माहीत असतील तर तो काढायला दोन बेरजा आणि दोन भागाकार पुरतात. तिन्ही क्ष-निर्देशकांची बेरीज करून तीनने भागायची, तिन्ही य-निर्देशकांची बेरीज करून तीनने भागायची, की झालं. दहावीच्या निर्देशक भूमितीत याहून सोपं सूत्र नाही. तरीही गुण इथे जातात, कारण सोपं वाटतं म्हणून मुलं कच्ची आकृती काढत नाहीत, उणे संख्यांना कंस घालत नाहीत आणि ताळा तर कुणीच करत नाही.

त्रिकोण अबक चे शिरोबिंदू अ(क्ष१, य१), ब(क्ष२, य२), क(क्ष३, य३) असे मानू आणि मध्यगासंपात बिंदूला ग म्हणू.

ग चा क्ष-निर्देशक = (क्ष१ + क्ष२ + क्ष३) ÷ ३
ग चा य-निर्देशक = (य१ + य२ + य३) ÷ ३

क्ष१ मधला १ हा गुणायचा आकडा नाही, पहिल्या बिंदूची ती खूण आहे.

एक उदाहरण सोडवू. अ(−४, ७), ब(८, −५), क(२, १०).

किमती घालण्याआधी आलेख कागदावर नाही तरी वहीच्या कोपऱ्यात दोन अक्ष ओढून तीन ठिपके द्या. अ दुसऱ्या चरणात, ब चौथ्या चरणात, क पहिल्या चरणात. उत्तर या तीन ठिपक्यांच्या आतच कुठेतरी यायला हवं, हे डोळ्यांसमोर राहतं. मग किमती घाला, आणि उणे संख्या कंसातच लिहा:

क्ष = [(−४) + ८ + २] ÷ ३ = ६ ÷ ३ = २
य = [७ + (−५) + १०] ÷ ३ = १२ ÷ ३ = ४

म्हणून ग(२, ४).

आता ताळा. प्रत्येक शिरोबिंदूतून ग वजा करा. अ साठी −४ − २ = −६ आणि ७ − ४ = ३. ब साठी ६ आणि −९. क साठी ० आणि ६. क्ष कडचे फरक −६, ६, ०, बेरीज शून्य. य कडचे फरक ३, −९, ६, बेरीज शून्य. दोन्हीकडे शून्य आलं म्हणजे बेरीज-भागाकार बरोबर. अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि पुन्हा तेच गणित तसंच करून पाहण्यापेक्षा हे बरं, कारण दुसऱ्यांदा करताना हात सहसा तीच चूक करतो. एक मात्र ध्यानात ठेवा: प्रश्नातून वहीत उतरवतानाच −५ चे ५ झाले असतील तर हा ताळा ती चूक पकडणार नाही. ती चूक कच्ची आकृती पकडते.

भागाकार पूर्ण जात नसेल तर अपूर्णांक तसाच ठेवा. (१, २), (४, −३), (५, ५) या बिंदूंचा मध्यगासंपात (१०/३, ४/३) आहे. ३.३३ लिहिलं की ते उत्तराच्या जवळ जातं, उत्तर होत नाही, आणि पुढच्या उपप्रश्नात अंतर काढायचं असेल तर ती गफलत वाढत जाते. आलेखावर ठिपका द्यायचा असेल तेवढ्यापुरतं ३.३ धरायला हरकत नाही.

तीननेच का भागायचं

मध्यबिंदूला दोनने भागतो, इथे तीनने, एवढं पाठ असणं परीक्षेपुरतं चालतं. पण गणित थोडं फिरवून विचारलं की पाठांतर अडतं, म्हणून सिद्धता एकदा हाताने करावी. ती अवघी तीन ओळींची आहे.

बाजू बक चा मध्यबिंदू द. वरच्या उदाहरणात द चे निर्देशक (५, २.५). अद ही मध्यगा. मध्यगासंपात बिंदू मध्यगेला शिरोबिंदूकडून २ : १ या गुणोत्तरात विभागतो, म्हणून विभाजन सूत्राने

क्ष = [२ × ५ + १ × (−४)] ÷ (२ + १) = ६ ÷ ३ = २
य = [२ × २.५ + १ × ७] ÷ (२ + १) = १२ ÷ ३ = ४

तीन आला तो २ + १ मधून. द मध्ये ब आणि क दोघेही निम्मे-निम्मे आहेत. त्याला २ ने गुणलं की दोघे पूर्ण होतात आणि अ चा एक वाटा त्यांच्या बरोबरीला येतो. अक्षरं घालून हेच केलं की उत्तरात अ, ब, क यांच्यात कुणी पुढे-मागे राहत नाही. सुरुवात ब पासूनच्या मध्यगेने केली असती तरी हाच बिंदू आला असता. तिन्ही मध्यगा एकाच बिंदूत मिळतात हे त्यातूनच सिद्ध होतं, वेगळं काही करावं लागत नाही.

इथली नेहमीची चूक म्हणजे २ : १ उलटं लावणं. वरच्याच उदाहरणात १ : २ घेतलं तर (−१, ५.५) मिळतं. हा बिंदू मध्यगेवरच असतो, त्रिकोणाच्या आतही असतो, त्यामुळे आकृती पाहून संशय येत नाही. तो असतो अ आणि ग यांच्या बरोबर मध्ये. तुमचं उत्तर आणि पुस्तकातलं उत्तर जुळत नसेल तर तुमचा बिंदू शिरोबिंदू आणि खऱ्या उत्तराच्या मधोमध पडतोय का ते बघा. पडत असेल तर गुणोत्तर उलटं लागलं आहे. लांब वाटा नेहमी शिरोबिंदूकडे, आखूड वाटा बाजूकडे.

याचाच एक भाऊ: कुठल्याही बाजूपासून ग चं लंबांतर त्या बाजूवरच्या उंचीच्या एक तृतीयांश असतं. अभियांत्रिकी पदविकेच्या मुलांना हा एक तृतीयांश पुन्हा भेटतो. पाण्याचा दाब वर शून्य आणि तळाशी सर्वांत जास्त, म्हणजे दाबाची आकृती त्रिकोणी. म्हणून उभ्या भिंतीवर पाण्याचा एकूण जोर तळापासून पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांश उंचीवर लागतो असं धरतात. उजनीसारख्या धरणाच्या भिंतीचा हिशेब करतानाही सुरुवात इथूनच होते.

फिरवून विचारलेले प्रश्न

सरळ सूत्राचा प्रश्न क्वचित चुकतो. चुकतात ते पुढचे.

पहिला प्रकार: दोन शिरोबिंदू आणि ग दिलेला, तिसरा काढा. अ(३, ४), ब(−६, १), ग(१, −२). सूत्र उलटं वाचा. तिघांची बेरीज ग च्या तिप्पट असते, म्हणून

क = ३ग − अ − ब
क्ष = ३ × १ − ३ − (−६) = ३ − ३ + ६ = ६
य = ३ × (−२) − ४ − १ = −६ − ५ = −११

क(६, −११). ताळा: ३ − ६ + ६ = ३, तीनने भागून १. ४ + १ − ११ = −६, तीनने भागून −२. जुळलं. इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, ग ला तीनने गुणायचं राहतं आणि क्ष ४ येतो. दोन, − (−६) चं + ६ होत नाही. दोन्हीवर उपाय तोच, किंमत घातलेली ओळ गाळू नका. तोंडी करून थेट उत्तर लिहिण्यात वाचतो एक मिनिट आणि जातात गुण.

दुसरा प्रकार: तीन बाजूंचे मध्यबिंदू दिलेले आणि मध्यगासंपात विचारलेला. समजा मध्यबिंदू (३, १), (−२, ४), (५, −२). बरीच मुलं सहा समीकरणं मांडून आधी शिरोबिंदू काढायला बसतात. काही गरज नाही. मध्यबिंदूंना जोडून झालेल्या त्रिकोणाचा आणि मूळ त्रिकोणाचा मध्यगासंपात एकच असतो, कारण तीन मध्यबिंदूंच्या बेरजेत प्रत्येक शिरोबिंदू दोनदा अर्धा-अर्धा येतो. सरळ सरासरी घ्या: क्ष = ६ ÷ ३ = २, य = ३ ÷ ३ = १. ग(२, १). शिरोबिंदूच विचारले असतील तरी सहा समीकरणं नकोतच. ज्या शिरोबिंदूला लागून दोन मध्यबिंदू आहेत त्यांची बेरीज करा आणि समोरच्या बाजूचा मध्यबिंदू वजा करा. (३, १) च्या समोरचा शिरोबिंदू (−२ + ५ − ३, ४ − २ − १) म्हणजे (०, १). त्याच रीतीने उरलेले दोन (१०, −५) आणि (−४, ७) येतात.

तिसरा प्रकार शब्दांवर लक्ष आहे का ते तपासतो. शिरोबिंदू (म, १), (−२, न), (७, ५). मध्यगासंपात आरंभबिंदूवर असेल तर दोन्ही बेरजा शून्य: म + ५ = ० म्हणून म = −५, आणि न + ६ = ० म्हणून न = −६. पण प्रश्न ‘मध्यगासंपात क्ष-अक्षावर आहे’ असा असेल तर फक्त य ची बेरीज शून्य. न = −६ मिळतो, आणि म बद्दल या माहितीवरून काहीच सांगता येत नाही. घाईत दोन्ही शून्य लिहिणारे पुष्कळ.

आणखी एक सापळा आहे. (१, २), (३, ६), (५, १०) या बिंदूंना सूत्र लावलं तर (३, ६) असं गोंडस उत्तर येतं. पण हे तिन्ही बिंदू एका रेषेत आहेत, प्रत्येक जोडीचा चढ २ आहे. त्रिकोणच नाही तर मध्यगा कुठल्या? सूत्राला ते कळत नाही, ते कुठल्याही तीन जोड्यांची सरासरी काढून देतं. ‘त्रिकोण’ असं प्रश्नात लिहिलेलं असेल तर चिंता नाही. बिंदू स्वतः निवडले असतील, प्रकल्पासाठी म्हणा किंवा नकाशावरून, तर चढ तपासूनच पुढे जा.

उत्तर तपासायची एक वेगळी वाट काटकोन त्रिकोणात मिळते. (०, ०), (६, ०), (०, १२) घ्या. मध्यगासंपात (२, ४). लंबसंपात बिंदू (तिन्ही उंची मिळतात तो) काटकोनाच्या शिरोबिंदूवर, म्हणजे (०, ०). परिकेंद्र (तिन्ही शिरोबिंदूंपासून सारख्या अंतरावरचा बिंदू) कर्णाच्या मध्यावर, म्हणजे (३, ६). तिन्ही एका रेषेत आहेत, आणि लंबसंपातापासून परिकेंद्रापर्यंतच्या रेषाखंडाला ग २ : १ मध्ये विभागतो. हे फक्त काटकोन त्रिकोणात नाही, समभुज सोडून कुठल्याही त्रिकोणात खरं आहे. समभुजात तिन्ही एकाच जागी येतात. गणितज्ञ ऑयलरने अठराव्या शतकात दाखवलेली ही रेषा, तिला त्याचंच नाव आहे.

नकाशावर: सोलापूर, पंढरपूर, बार्शी

वहीतले आकडे कंटाळवाणे वाटत असतील तर जिल्ह्याचा नकाशा घ्या. रेखांश हा क्ष, अक्षांश हा य. दोन दशांश स्थळांपर्यंत साधारण किमती अशा:

सोलापूर (७५.९१, १७.६६)
पंढरपूर (७५.३३, १७.६८)
बार्शी (७५.६९, १८.२३)

क्ष ची बेरीज २२६.९३, तीनने भागून ७५.६४. य ची बेरीज ५३.५७, तीनने भागून १७.८६. नकाशावर हा बिंदू मोहोळच्या उत्तरेला काही किलोमीटरवर पडतो.

इथली पहिली चूक क्रमाची. गूगल मॅप्सवर एखाद्या जागी बोट दाबून धरलं की आधी अक्षांश दिसतो, मग रेखांश. भूमितीत आधी आडवा निर्देशक, मग उभा. सगळीकडे सारखंच उलटं लिहिलं तर उत्तरही फक्त उलटं येतं, फार बिघडत नाही. पण एक गाव सरळ आणि दोन उलटी लिहिली तर बिंदू भलत्याच मुलखात जातो. आपल्या भागात अक्षांश १७-१८ आणि रेखांश ७५-७६ असतो, एवढं लक्षात असलं की क्रम चुकलेला लगेच दिसतो. दोन दशांश स्थळं म्हणजे सुमारे एक किलोमीटरची अचूकता. गल्ली शोधायची असेल तर चार-पाच स्थळं हवीत.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. सोलापूरच्या अक्षांशावर अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा, तर रेखांशाचा एक अंश सुमारे १०६ किलोमीटरचा. आडवी पट्टी आणि उभी पट्टी सारखी नाही. मग सरासरी चालते कशी? चालते, कारण मध्यगासंपाताला पट्टी सारखी असण्याची गरजच नाही. क्ष चा हिशेब फक्त क्ष शी, य चा फक्त य शी. एक अक्ष ताणला किंवा आवळला तर तिन्ही बिंदू आणि ग एकाच प्रमाणात सरकतात. मध्यबिंदू मध्यबिंदूच राहतो, २ : १ हे २ : १ च राहतं. जिल्ह्याएवढ्या भागात पृथ्वीच्या गोलाईने पडणारा फरकही सोडून देण्याइतका असतो.

अंतराच्या सूत्राला मात्र ही सवलत नाही. सोलापूर ते पंढरपूर ०.५८ अंशाला १११ ने गुणलं तर ६४ किलोमीटर येतात, १०६ ने गुणलं तर साडेएकसष्ट. सरळ रेषेतलं खरं अंतर दुसऱ्याच्या जवळ आहे. म्हणून परिकेंद्र, उंची, क्षेत्रफळ असं काही काढायचं असेल तर आधी अंशांचे किलोमीटर करा, मगच सूत्र लावा.

‘मधली जागा’ म्हणजे मध्यगासंपातच असं सरसकट धरण्याचा मोहही नकाशावर फार होतो. तीन गावांना सोयीचं गोदाम, दवाखाना, खरेदी केंद्र म्हटलं की कुणीतरी सरासरी काढतंच. पण सोय म्हणजे काय ते आधी ठरवावं लागतं. तिन्हीपासून सारखं अंतर हवं असेल तर तो परिकेंद्र. तिघांचं मिळून एकूण अंतर कमीत कमी हवं असेल तर तो आणखी वेगळा बिंदू, जिथून तीन गावांकडे जाणाऱ्या रेषांमध्ये १२०-१२० अंशांचे कोन होतात. मध्यगासंपात कमी करतो ती अंतरांच्या वर्गांची बेरीज. म्हणजे एखादं गाव फार लांब पडू नये याची तो जास्त काळजी घेतो, एकूण डिझेलची नाही.

फरक किती पडतो ते बार्शीऐवजी अक्कलकोट (७६.२०, १७.५३) घेऊन पाहा. सोलापूर, पंढरपूर, अक्कलकोट हा त्रिकोण फार चपटा आहे, सोलापूरचा कोन दीडशे अंशांच्या पुढे जातो. मध्यगासंपात (७५.८१, १७.६२), म्हणजे सोलापूरच्या पश्चिमेला, जरा दक्षिणेकडे, दहा-अकरा किलोमीटरवर. एखादा कोन १२० अंशांहून मोठा असला की एकूण अंतर कमीत कमी करणारा बिंदू त्याच शिरोबिंदूवर असतो, म्हणजे खुद्द सोलापुरात. आणि परिकेंद्र जातं दक्षिणेला शंभर किलोमीटरहून लांब, पार कर्नाटकात. तीन गावं तीच, पण प्रश्न बदलला की ‘मध्य’ तीन वेगळ्या ठिकाणी. अर्थात हे सगळं सरळ रेषेत. रस्ते तसे नसतात.

शेतात: तीन सारखे वाटे

मध्यगासंपाताचा खरा उपयोग वाटणीत आहे. ग पासून तिन्ही कोपऱ्यांना रेषा मारल्या की त्रिकोणी तुकड्याचे क्षेत्रफळाने अगदी सारखे तीन भाग पडतात, त्रिकोण कसाही वेडावाकडा असो. कारण वर आलंच आहे: प्रत्येक बांधापासून ग ची उंची पूर्ण उंचीच्या एक तृतीयांश.

शेतावर निर्देशक असे घ्या. एक कोपरा अ हा आरंभबिंदू. एखादा सरळ आणि लांबसा बांध अब हा क्ष-अक्ष. तिसऱ्या कोपऱ्यासमोर बांधावर अशी जागा शोधा जिथून तो कोपरा बांधाला काटकोनात दिसतो. काटकोन टेपने तीन, चार, पाच मीटरचा त्रिकोण करून घ्यायचा. अ पासून त्या जागेपर्यंतचं अंतर हा क चा क्ष, आणि तिथून क पर्यंतचं अंतर हा य. समजा मीटरमध्ये अ(०, ०), ब(१२०, ०), क(३०, ९०) आले.

एकूण क्षेत्र = १२० × ९० ÷ २ = ५४०० चौरस मीटर. एक गुंठा सुमारे १०१.१७ चौरस मीटर, म्हणजे साधारण ५३.४ गुंठे.
ग = (१५० ÷ ३, ९० ÷ ३) = (५०, ३०)

बांध अब वरचा वाटा: १२० × ३० ÷ २ = १८०० चौरस मीटर. उरलेले दोन वाटेही निर्देशकांवरून काढून पाहा, १८०० च येतात. प्रत्येकी सुमारे १७.८ गुंठे.

जागेवर खुंटी ठोकायची तर निर्देशकांपेक्षा मध्यगा सोयीची. बक बांधाचा मध्य द (७५, ४५). अ पासून द पर्यंत ८७.४६ मीटर. त्याचे दोन तृतीयांश ५८.३१ मीटर, अ कडून मोजून खुंटी. मग दुसऱ्या मध्यगेने तपासा: अक चा मध्य (१५, ४५), ब पासून तिथपर्यंत ११४.२४ मीटर, दोन तृतीयांश ७६.१६. दोन्ही मोजणींच्या खुंट्या एकमेकींपासून वीतभर लांब असल्या तर हरकत नाही. मीटरभर लांब पडल्या तर एखादा मध्यबिंदू चुकला आहे किंवा बांध मध्येच वाकलेला आहे. बांध वाकडा असेल तर तो त्रिकोण नव्हे, आणि हे गणित त्याला लागू नाही. दोरीने मोजू नका, ओढली की लांबते. उताराच्या जमिनीवर टेप आडवा, पातळीत धरावा. जमिनीवर टेकवून मोजलं की अंतर जास्त भरतं.

क्षेत्र सारखं झालं म्हणजे वाटणी न्याय्य झाली असं नाही. रस्ता फक्त अब बांधाला असेल तर बाकी दोघांना वाट कुठून? विहीर एकाच वाट्यात जाते. माती एका कडेला मुरमाड असू शकते. या गोष्टी सूत्रात नाहीत. आणि वाटणी कागदावर यायची तर भूमी अभिलेखची मोजणी लागते. घरच्या खुंट्या फक्त बोलणी करण्यापुरत्या.

पुठ्ठ्यावर पडताळा

शाळेत दाखवायला चादरीच्या किंवा साडीच्या खोक्याचा सपाट, न चुरगळलेला पुठ्ठा चालतो. त्यावर आलेख कागद सगळीकडे सारखी पातळ खळ लावून चिकटवा. एका कोपऱ्यात खळ जास्त झाली की तेवढं वजन तिकडे जातं. सेंटिमीटरमध्ये (१, १), (१६, ४), (७, १९) हे बिंदू द्या आणि त्रिकोण कापा. दोन्ही बेरजा २४, म्हणून ग(८, ८). तिथे पेन्सिलचं टोक टेकवलं की पुठ्ठा आडवा तोलून राहिला पाहिजे.

टांगून पाहायचं असेल तर कडेला सुईने भोक पाडा, टाचणीवर पुठ्ठा अडकवा आणि त्याच टाचणीला दोऱ्याने नट बांधून ओळंबा सोडा. दोऱ्याखाली रेघ मारा. दुसऱ्या भोकातून पुन्हा तसंच. दोन रेघा जिथे छेदतात तो गुरुत्वमध्य. भोक नेमकं शिरोबिंदूवर पाडायचा हट्ट नको, पुठ्ठा फाटतो. भोक कुठेही असलं तरी ओळंब्याची रेघ ग मधूनच जाते. फक्त ती मध्यगा असेलच असं नाही. रेघा ग पासून दोन-तीन मिलिमीटरहून जास्त चुकल्या तर बहुधा भोक घट्ट आहे आणि पुठ्ठा मोकळा झुलत नाही.

हाच प्रयोग तार वाकवून केलेल्या त्रिकोणावर करू नका, निदान हे उत्तर मिळेल या अपेक्षेने तरी. (०, ०), (४०, ०), (०, ३०) असा सेंटिमीटरचा पुठ्ठा (१३.३, १०) वर तोलतो, पण त्याच मापाच्या तारेचा तोल (१५, १०) वर येतो. तारेत वजन बाजूंवर असतं. त्यामुळे प्रत्येक बाजूचा मध्यबिंदू तिच्या लांबीने गुणून सरासरी काढावी लागते.

आणि चौकोनाला हे सूत्र चार करून लावू नका. (०, ०), (१२, ०), (६, ६), (०, ६) या समलंब चौकोनाच्या शिरोबिंदूंची सरासरी (४.५, ३) येते, तोल मात्र तिथे नसतो. (१२, ०) ते (०, ६) या कर्णाने दोन त्रिकोण करा: एकाचं क्षेत्रफळ ३६ आणि मध्यगासंपात (४, २), दुसऱ्याचं १८ आणि (६, ४). क्षेत्रफळाने गुणून बेरीज करा आणि ५४ ने भागा. क्ष = (१४४ + १०८) ÷ ५४ = ४.६७, य = (७२ + ७२) ÷ ५४ = २.६७. पाच-सहा बाजूंचा तुकडा असला तरी रीत हीच, त्रिकोण तेवढे वाढतात.